मामांची वाटी

मामांनी माझे पाय धुवायला आणलेलं पाणी इतकं कढत होतं की त्यात चहा टाकता आला असता. अधिक ज्येष्ठ चालू होता, अंगणात ऊन मी म्हणत होतं, आणि माझे सासरे शांतपणे तांब्या कलंडून माझ्या पावलांवर वाफाळती धार सोडत होते. चटका बसत होता. पण धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे विष्णू, आणि परातीत पाय ठेवून बसलेल्या विष्णूला ओरडता येत नाही. शेजारी लक्ष्मी होऊन बसलेल्या माझ्या बायकोचे, वैजूचे, पाय त्यांनी दुसऱ्या तांब्यातल्या कोमट पाण्यानं धुतले.

"पाणी बरं आहे ना, पाव्हणं?" मामांनी विचारलं.

"उत्तम आहे," मी म्हणालो.

आमचं हे असं होतं. विठोजी सपकाळ म्हणजे निवृत्त मधुनिरीक्षक. जावळीच्या खोऱ्यात गावोगाव मधमाश्यांच्या पेट्या वाटण्यात आणि तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. सारं खोरं त्यांना इन्स्पेक्टर म्हणायचं. मी साताऱ्यात एका औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन ताटकळणारा माणूस, आणि माझ्या बॅगेतला मुख्य माल ब्लडप्रेशरच्या गोळीचा. वैजूनं मला स्वतः पसंत केलं होतं. मामांनी लग्न लावून दिलं, पण पोरीनं गोळ्यांचा दलाल गाठला, असं ते चारचौघांत म्हणत. मला तोंडावर कधी म्हणाले नाहीत. ज्यांच्यापाशी म्हणाले ते सगळे मात्र मला आवर्जून सांगून गेले.

मलाही ते आवडत नव्हते. उगाच खोटं कशाला बोला. जो माणूस उभ्या जन्मात एकदाही "मला ठाऊक नाही" म्हणाला नाही, त्याच्यावर माया करायला जे काळीज लागतं ते माझ्याकडे नाही.

त्या दिवशी मी धोंडे खायला गेलोच नव्हतो. मी गेलो होतो तानूआत्यासाठी.

तानूआत्या मामांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हा भावाकडे आली ती कायमची. वैजूच्या जन्मानंतर सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, काही वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. वैजूला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, तिच्या तापात रात्री जागवल्या, ते सगळं आत्यानं. आत्याला ब्लडप्रेशर होतं आणि थोडी साखरही होती. साताऱ्याच्या डॉक्टरांची गोळी कित्येक वर्षं चालू होती आणि बाई ठणठणीत होती. मग घरात मामांची जेली आली.

प्रेशर मामांनाही होतं, आणि चांगलं जबरदस्त होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोळी सोडली आणि रॉयल जेली सुरू केली. जी अळी पुढं राणीमाशी व्हायची असते, तिला कामकरी माश्या पांढरं दाट खाद्य भरवतात, ते हे. पेटीतली राणी काढून घेतली की पोरक्या झालेल्या माश्या घाईघाईनं नवी राणी घडवायला लागतात. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारख्या कोठड्या लोंबू लागतात. मामा त्यांतली अळी काढून फेकत आणि बारीक काडीनं जेली टिपून घेत. एका पेटीतून निघायची नखावर मावेल एवढी. साध्या माशीचं आयुष्य महिना-दीड महिन्याचं आणि हे खाणारी राणी वर्षानुवर्षं जगते, हे मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मग दंडाला पट्टा गुंडाळून स्वतःचं प्रेशर मोजून दाखवत. पाऱ्याचं यंत्र त्यांनी त्यासाठीच आणलं होतं.

आणि त्यांचं प्रेशर उतरलं होतं. ही खरी पंचाईत होती. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आमच्या गोळीच्या सॅम्पलच्या पट्ट्या मुद्दाम नेल्या होत्या. मामांनी त्या माझ्यादेखत मामींच्या हातात दिल्या आणि चुलीत घाला म्हणून सांगितलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पुढच्या खेपेला मी स्वतः मोजलं तर पारा शहाण्यासारखा खाली येऊन थांबलेला. मी तोंड मिटून परत आलो.

भावाचं उतरलं हे पाहून आत्यानं संक्रांतीला आपल्या गोळ्या बंद केल्या. धोंड्याच्या थोडं आधी, भाकरी थापता थापता, तिचा उजवा हात थांबला. बोटं ऐकेनात, जीभ जड झाली. घटकाभरानं सगळं ठीक झालं आणि मामा म्हणाले, उन्हानं झालं. शेजारच्या बाईनं वैजूला फोन केला म्हणून आम्हाला कळलं. मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ही पहिली घंटा समजा, आणि या नाटकात तिसऱ्या घंटेला पडदा उघडत नाही, पडतो.

"तुम्ही रुसून बसा," वैजू म्हणाली.

पहिल्या धोंड्याला जावई पानावर रुसतो, ही आमच्याकडची रीतच. पान वाढलेलं असतं, भावकी पंगतीला बसलेली असते, आणि जावई हात आखडून बसतो. मग सासऱ्यानं विचारायचं, काय हवं? कुणी अंगठी मागतं, कुणी मोटारसायकल. मागितलेलं कबूल झालं की पहिला घास उचलायचा. जावई उपाशी उठला तर घराची अब्रू गेली. मामांना अब्रू फार प्यारी होती. बाकी कुठल्या दोरीनं त्यांना बांधता आलं नसतं.

पाय धुऊन झाले, औक्षण झालं. पंगत बसण्याआधी मी स्वयंपाकघरात जाऊन आत्याला एकदा साधं सांगून पाहिलं. ती पुरणाचे धोंडे उकडत होती. चेहरा लालभडक होता आणि डावा हात उजव्याला मदत करत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली की दादाचं उतरलं ते तुम्हीच मोजलंत की, मग माझं का न उतरंल. मामी चुलीपाशी होत्या. मी बाहेर पडेपर्यंत त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

पंगत बसली. पानात धोंडे, त्यांवर तुपाची धार. भावकीतली मंडळी माझ्या हाताकडे बघत होती. मी हात मांडीवर ठेवला.

मामांना हे अपेक्षितच होतं. ते कोपरापर्यंत बाह्या सारून माझ्यासमोर उभे राहिले. "मागा पाव्हणं. ऐपतीत असंल ते दिऊ."

मी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि पानाशेजारी ठेवली. "आत्यांनी यातली एक गोळी आत्ता माझ्यासमोर घ्यायची. आणि रोज घेत राहायची. दुसरं काही नको मला."

मामांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली, पण ते हसले. ते हसू मला आजही आठवलं की हात शिवशिवतात. त्यांनी आत जाऊन पाऱ्याचं यंत्र आणलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं.

"आधी माझं मोजा. आणि आकडा मोठ्यानं सांगा, भावकीला ऐकू द्या."

मी मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. "वरचं एकशे अठ्ठावीस, खालचं ऐंशी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पडेल वाटला.

"गोळीशिवाय," मामा भावकीकडे वळून म्हणाले. कुणीतरी मान डोलावली.

मग मी आत्याला बोलावलं. ती नको नको म्हणत होती, वैजूनं हाताला धरून आणलं. पारा पार वर चढवून मी हवा सोडायला लागलो. दोनशेच्या वर ठोके ऐकू यायला लागले. खालचं एकशे वीस. मी आकडा सांगितला. वैजूनं तोंडावर पदर धरला.

"उशिरा सुरू केलंय तिनं," मामा म्हणाले. "माश्यांचं औषध सावकाश मुरतं. उद्यापास्नं डोस दुप्पट करू."

मी म्हणालो, उद्या आत्यांना उचलून न्यावं लागेल. ते म्हणाले, तुमच्या धंद्याची भाषाच भीतीची. मी म्हणालो, तुम्ही बहिणीचा जीव घ्याल. पंगतीत कुणीतरी हळूच "अरे अरे" केलं. धोंड्याच्या दिवशी जावई-सासरे असे बोलत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. पण माझं डोकं तोवर फिरलेलं होतं, आणि त्यांचंही.

"न चाखता नावं ठिवणाराला काय म्हणावं?" मामा गरजले. "आणा गं माझी वाटी."

मामांची वाटी म्हणजे चांदीची एक लहानशी वाटी. रोज सकाळी मामी तिच्यात जेली मधात खलून ठेवत आणि जेवणाआधी मामा ती घेत. नुसती जेली जिभेला झोंबते, म्हणून मध. आत्याला साखर असल्यानं ती मध घेत नसे. मामा काडीवरची जेली सरळ तिच्या जिभेवर ठेवत, स्वतःच्या हातानं.

मामी वाटी घेऊन आल्या, पण उंबऱ्यातच थांबल्या. "पाव्हण्यांना दुसरी काढून देते. ही तुमच्यासाठी हाय."

"यातलीच दे."

"तुमच्या वाटणीचं त्यांना कशाला..."

"दे म्हणतो ना." मामांनी वाटी त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली आणि माझ्यापुढे धरली. मी बोट बुडवून चाटलं.

आधी मध लागला. मग जेलीचा आंबट चरचरीतपणा. आणि तो ओसरल्यावर जिभेच्या मुळाशी एक कडूपणा उरला, तो काही केल्या जाईना. हा कडूपणा माझ्या ओळखीचा होता. नोकरीच्या सुरुवातीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला आमची गोळी आणि दुसऱ्या कंपनीची गोळी चावून खायला लावली होती, म्हणजे डॉक्टरांना फरक छातीठोकपणे सांगता यावा. मी तेव्हा दिवसभर थुंकत होतो. ती चव माणूस विसरत नाही.

मी मामींकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्यांचे हात पदरात गुंडाळलेले होते आणि मान इतकी बारीक हलली की दुसऱ्या कुणाला दिसली नसती. नको, असं ती मान म्हणत होती.

चुलीत गेलेल्या माझ्या पट्ट्या चुलीत गेल्याच नव्हत्या. आता सगळं लख्ख झालं. नवऱ्याशी वाद घालून त्या घरात कुणी जिंकलं नव्हतं, म्हणून मामींनी वाद घातलाच नाही. रोज एक गोळी कुटायची आणि मधात खलायची. नवरा जगत होता आणि जेलीचा डंका वाजवत होता. तो डंका ऐकून नणंद मरायला निघाली होती, आणि तिच्या जिभेवरच्या काडीपर्यंत मामींचा हात पोचत नव्हता.

मी गप्प बसलो असतो तर मामींचा संसार शाबूत राहिला असता. हे मला तेव्हाच कळत होतं, नंतर नव्हे.

"काय, झालं का समाधान?" मामांनी विचारलं.

आत्या माझ्याशेजारी उभी होती. ती म्हणाली, "जेवा की जावयबापू, अन्नावर राग काढू नये." त्यातला 'जावयबापू' तिला नीट म्हणता आला नाही. जीभ अडखळली. तिनं पुन्हा म्हणून पाहिलं आणि पुन्हा अडखळली.

"मामा," मी म्हणालो, "या वाटीत माझी गोळी आहे."

मामा मोठ्यानं हसले. भावकीकडे बघून हसले, वैजूकडे बघून हसले, आणि शेवटी मामींकडे वळले, त्यांनीही हसावं म्हणून. मामी हसल्या नाहीत. नाही, असंही म्हणाल्या नाहीत.

मामांनी वाटीत बोट घातलं आणि सावकाश चाटलं. रोजचीच चव होती ती. तिला ते जेलीची चव समजत आले होते.

"कधीपास्नं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापास्नं," मामी म्हणाल्या. "तुम्ही गोळ्या टाकल्या त्या दिवसापास्नं. आधी तुमच्याच उरलेल्या व्हत्या, मग पाव्हण्यांच्या, मग मेढ्याच्या दुकानातनं."

"मी सगळ्या खोऱ्याला सांगत फिरलो. तू मला खोटं पाडलंस."

"खोटं न्हाई पाडलं. जितं ठेवलं."

मी मामांकडे पाहत होतो, पण मला खरं बघायचं होतं आत्याला. ती भावाच्या तोंडाकडे एकटक बघत होती. इतके दिवस त्या तोंडावर जी खात्री लिहिलेली असायची ती पुसली गेली होती, आणि ते तिनं वाचलं. माझ्या डॉक्टरांनी शंभर वेळा सांगून जे झालं नसतं ते तिथं झालं. तिनं वाकून माझ्या पानाशेजारची पट्टी उचलली. "एकच घ्यायची ना?" तिनं विचारलं, आणि माझ्याच पेल्यातल्या पाण्याबरोबर गोळी गिळली.

मग मामा बोलले. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"तानू, आजपास्नं माझं पान तू वाढायचं. रांधायचंही तूच. हिच्या हातचं मला पाणी नको."

एवढं बोलून ते पेट्यांकडे निघून गेले. मी धोंडा मोडला आणि पहिला घास घेतला. मागितलेलं मिळालं होतं आणि रीत पाळायला हवी होती.

त्याच दिवशी आम्ही आत्याला साताऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. वैजूनं आत्याचा हात धरून घळाघळा अश्रू ढाळले आणि त्याच डोळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खोलीबाहेर जाऊन बसलो. आईला बाजूला घेऊन का नाही बोललात, हा तिचा प्रश्न. तो आमच्या घरात अजून राहतो, भाडं न देता. माझं उत्तर तेच आहे. आत्याला माझा शब्द नको होता, भावाचं पडलेलं तोंड हवं होतं, आणि ते पाडायला दुसरी जागा नव्हती. पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा बोलेन. मला पश्चात्ताप होत नाही. वाईट वाटतं, ते वेगळं.

मामांनी त्यानंतर गोळी सुरू केली, स्वतःच्या हातानं, पट्टीतून फोडून. जेलीही सोडली नाही. दोन्ही घेत राहिले, म्हणजे श्रेय कुणाचं हा वाद कायमचा उघडा राहिला. जेलीत काहीच गुण नाही असं मी म्हणत नाही. तिच्यानं उंदरांचं प्रेशर उतरल्याचं मी कुठंसं वाचलं होतं. उंदरांच्या बायका त्यांच्या खाण्यात गोळ्या कुटून घालत नाहीत, तेव्हा ते खरंही असेल. माझ्याशी मामा पुढं एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलायला गेलो नाही.

पण ते बायकोशी बोलले नाहीत, याला काय म्हणायचं? एका छपराखाली दोन चुली झाल्या. एकीवर आत्या भावाचं रांधायची, दुसरीवर मामी आपल्यापुरतं. आत्यानं कितीदा तरी भावजयीची भाजी चोरून भावाच्या ताटात वाढून पाहिली. मामा पहिल्याच घासाला ओळखायचे आणि ताट सरकवायचे. जीभ आता शिकली होती.

असं वर्षानुवर्षं चाललं. मग मामा न्यूमोनियानं आजारी पडले आणि वय झालं होतं, उठले नाहीत. शेवटच्या दिवशी आम्ही सगळे कॉटभोवती होतो. मामींनी चमच्यात पाणी घेतलं, तुळशीचं पान टाकलं आणि ओठांशी नेलं. मामांनी डोळे उघडले, कोण आहे ते पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून ओघळलं. मामींनी ते पदरानं पुसलं आणि चमचा आत्याच्या हातात दिला. आत्याच्या हातून ते प्यायले.

सगळं आटोपल्यावर मी मामींपाशी जाऊन बसलो. त्या दिवसानंतर आम्ही दोघं एकटे असे कधी बसलोच नव्हतो. मामी समोर बघत होत्या. तिकडं अंगणात आत्या, पार म्हातारी झालेली पण दोन्ही हात धड असलेली, आल्या-गेल्याला चहा देत होती.

"तानूबाई जगल्या ते बरं झालं, पाव्हणं," मामी म्हणाल्या. "न्हाईतर ह्यांना इतकी वर्सं जेवायला कुणी घातलं असतं?"